धोलावीरा: सासूबाईंनी दाखवलेलं पाणी

रानजाई

डिसेंबरात आम्ही पाचजण कच्छला जाऊन आलो. मी, नवरा, बारा वर्षांची लेक, आठ वर्षांचा लेक आणि सासूबाई. भुज, मांडवी, पौर्णिमेचं पांढरं रण हे सगळ्यांच्या आवडीचं होतं. धोलावीरा मात्र एकट्या माझ्या हट्टापायी यादीत आलं. हडप्पाकालीन अख्खं शहर आपल्या देशात आहे, २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं आहे, आणि इतक्या जवळ जाऊन ते न बघता परतायचं मला पटेना. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांनी संग्रहालयाच्या सावलीत बसायचं आणि आम्ही तासाभरात फिरून यायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात आम्ही तिथे चार तास होतो आणि निम्म्याहून जास्त वेळ त्याच पुढे होत्या. ते लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

सासूबाई माणदेशातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. सासरचं पहिलं वर्ष पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहण्यात गेलं. पुढे गावात नळ येईपर्यंत आडावरून पाणी शेंदणं सुटलं नाही. हे सगळं मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय, पण खरं सांगायचं तर नुसतं ऐकलेलं.

भुजहून आम्ही खावड्याच्या बाजूने गेलो. रणातून सरळ रस्ता आहे, दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर सपाट. काही ठिकाणी मीठ चकाकत होतं, काही ठिकाणी पावसाळ्याचं पाणी अजून आटलं नव्हतं. मुलं समुद्र समुद्र म्हणून ओरडायला लागली. सासूबाई काचेतून बघत म्हणाल्या, "येवढं पाणी आन् प्यायला थेंब न्हाई." त्या वेळी मी हो म्हटलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. दिवसभरात त्या जे काही बोलल्या त्याचं मूळ त्या वाक्यात होतं, हे नंतर कळलं.

धोलावीरा खडीर बेटावर आहे. बेट म्हणजे रणातून वर आलेला खडकाळ उंचवटा. शहराच्या उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे, दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहणारे. बारमाही नदी नाही. तरीही इथे सुमारे इ.स.पू. ३००० ते इ.स.पू. १५०० असं दीड हजार वर्षं माणूस राहिला. जगत्पती जोशी यांनी १९६० च्या दशकात ही जागा उजेडात आणली आणि रवींद्रसिंग बिश्त यांच्या देखरेखीखाली १९९० च्या सुमारापासून पुढे दीड दशक उत्खनन झालं. हे सगळं मी वाचून गेले होते. बालेकिल्ला, मधलं नगर, खालचं नगर, बालेकिल्ला आणि मधल्या नगरामधलं भलंमोठं मैदान, सगळं पाठ होतं. आणि तिथे गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं मला खरोखर नुसत्या भिंती दिसत होत्या.

वाटाड्या आम्हाला पहिल्यांदा पूर्वेकडच्या तलावावर घेऊन गेला. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, आणि खोली दहा मीटरच्या घरात. कोपऱ्यातून पायऱ्या खाली उतरतात. मुलं पायऱ्या मोजायला लागली, नवरा फोटो काढायला. सासूबाईंनी तलावाकडे पाठ केली आणि त्या उलट्या दिशेला बघत राहिल्या. मला वाटलं ऊन लागलं. मग त्यांनी वाटाड्याला मराठीतच विचारलं, "पाणी कुठनं घेतलंय आत?"

तो माणूस एकदम खुलला. मराठी त्याला किती कळलं कोण जाणे, पण प्रश्न कळला. त्याने हात करून ओढ्याची दिशा दाखवली, बांध घालून पाणी कसं वळवलं ते सांगितलं. सासूबाईंचा पुढचा प्रश्न गाळाचा. त्यानंतरचा, एक तलाव भरला की पाणी दुसऱ्यात कसं जायचं. शहराची जमीन ईशान्येकडून नैऋत्येकडे सुमारे १३ मीटर उतरते, आणि तलाव त्या उतारावर एकाखाली एक ओळीने आहेत, मध्ये रुंद बांध. हा १३ मीटरचा आकडा मी वाचला होता. पण उतार म्हणजे काय ते सासूबाईंनी लेकाला जमिनीवर बाटलीतलं चूळभर पाणी ओतून दाखवलं. ते वाहत गेलं त्याच बाजूला खालचा तलाव होता.

त्यानंतर मला ते शहर दिसायला लागलं. तटाच्या कडेने तलाव, तलावांमधले बांध, बालेकिल्ल्यात पावसाचं पाणी गोळा करणाऱ्या दगडी बंदिस्त मोऱ्या. यातल्या काही मोऱ्यांतून वाकून माणूस जाईल एवढी उंची आहे. आमची लेक म्हणाली, गटारं इतकी मोठी कशाला? ती गटारं नाहीतच, पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून केलेल्या वाटा आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम ३००-४०० मिलीमीटर, तोही मोजक्या दिवसांत. आला की धरायचा, नाहीतर तो खाली जाऊन खारा होणार.

बालेकिल्ल्यावर दगडी बांधणीची मोठी विहीर आहे. तिच्या काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा आहेत. वाटाड्या इथे कायम थांबत असणार, त्याचं बोलणं ठरलेलं होतं. पण त्याने खाचा दाखवायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "हितं उभं ऱ्हायचं." आणि कुठे उभं राहायचं, कुठला पाय पुढे टाकायचा, तेही सांगितलं. त्यांच्या आडावरही अशाच खाचा होत्या म्हणे. प्रत्येक बाई आपल्या ठरलेल्या खाचेतून दोर सोडायची, दुसरीच्या खाचेत सोडला की भांडण. मग मुलांना म्हणाल्या, "हे काय राजाराणीनं केल्यालं न्हाई. बाया पाणी वडत हुत्या हितं." 

विहीर बालेकिल्ल्यात, म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या वस्तीत आहे. पण पाणी ओढणारे हात कुणाचे होते, हा प्रश्न मला एकाही पुस्तकात सुचला नव्हता.

उत्तर दरवाज्यापाशी लेकीची वेळ आली. तिथल्या बाजूच्या खोलीत दहा चिन्हांची ती प्रसिद्ध पाटी सापडली. लाकडी फळीवर जिप्समचे तुकडे बसवून केलेली अक्षरं, प्रत्येक अक्षर सुमारे ३७ सेंटीमीटर उंच. लाकूड कुजून गेलं, अक्षरं ओळीने जमिनीवर पडून राहिली. लिपी अजून वाचता आलेली नाही. लेकीने ती दहा चिन्हं वहीत उतरवून घेतली आणि आऱ्यांच्या चाकासारखं एक चिन्ह चार वेळा येतं हे स्वतः शोधलं. शहराचं नाव असेल का, दुकानाची पाटी असेल का, यावर रात्री जेवताना बराच वाद झाला.

फोटो नंतर टाकते. कुणी जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

पायवाट

रानजाईताई, फार आवडलं. आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो, चाळीस मिनिटांत बाहेर आलो. ऊन होतं, मुलं कंटाळली, आणि मलाही लोथल, गुजरातमधलंच दुसरं हडप्पाकालीन ठिकाण, जास्त भावलं होतं. तिथे ती गोदी म्हणून दाखवतात ती वास्तू एका नजरेत समजते. धोलावीरा पसरलेलं आहे, काय बघायचं ते कळत नाही. तुमचं वाचून वाटतंय की आम्ही उलट क्रमाने बघितलं. आधी बालेकिल्ला चढलो, तलाव शेवटी, तेही लांबून.

वयस्कर माणसांना किती चालावं लागतं? माझे वडील ७६ वर्षांचे आहेत.

रानजाई

पायवाट, सगळं नीट बघायचं तर दोन-अडीच किलोमीटर धरून चाला, वाट खडबडीत, बालेकिल्ल्याची चढण आहे. सावली जवळजवळ नाही. आम्ही सकाळी लवकर सुरुवात केली. सासूबाईंसाठी घडीची छोटी तिपाई नेली होती, तिचा फार उपयोग झाला. तलावात उतरायचं नसेल तर काठावरूनही सगळं दिसतं. चाकाची खुर्ची मात्र त्या वाटेवर चालणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा. पाणी घरून भरून न्या. आणि पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालयं बहुतेक ठिकाणी शुक्रवारी बंद असतात, तेवढा वार टाळा.

लोथलबद्दल मी वाद घालणार नाही, मलाही बघायचंय. पण त्या गोदीला काही अभ्यासक तलावच मानतात, हे माहीत असेल तुम्हाला. म्हणजे तिथेही प्रश्न पाण्याचाच.

खापरी

मी पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलंय, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

एक, धोलावीरा दगडात बांधलंय हे त्याचं वेगळेपण. मोहेंजोदडो, हडप्पा म्हटलं की भाजलेल्या विटा डोळ्यांसमोर येतात. इथे खडीर बेटावरचा दगड हाताशी होता, म्हणून तट आणि घरांना दगड, जोडीला कच्च्या विटा. काही दगडी खांबांच्या बैठकांना दिलेली झिलई आजही हात फिरवावीशी वाटावी अशी आहे. (फिरवू नये!) पूर्वेकडच्या तलावाची तुलना करायची तर मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे.

दोन, पश्चिमेकडची दफनभूमी बघितलीत का? तिथे गोलाकार मोठे उंचवटे आहेत, त्यातल्या एकाची आतली रचना आऱ्यांच्या चाकासारखी आहे. उकरल्यावर त्यात माणसाचा सांगाडा मिळाला नाही. म्हणजे ती स्मारकं असावीत, देह दुसरीकडे. रणात किंवा समुद्रावर गेलेला माणूस परत आलाच नाही तर घरच्यांनी काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर तिथे असेल असं मला कायम वाटतं. हे माझं मत आहे, सिद्ध झालेलं काही नाही.

उंबरठा

आमच्या मुलाने तिथून खापराचा एक तुकडा आणला होता. लाल, त्यावर काळी रेघ. जमिनीवर शेकड्याने पडलेले असतात, एकाने काय फरक पडतो? तो अजून त्याच्या टेबलावर आहे आणि त्या एका तुकड्यामुळे त्याला इतिहासाची गोडी लागली. मला यात गैर वाटत नाही.

खापरी

गोडी लागली याचा आनंद आहे, उंबरठा. पण तुकडा तिथेच राहायला हवा होता. कायद्याने ते संरक्षित स्मारक आहे, तिथलं काही उचलता येत नाही, हा एक भाग झाला. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खापराची किंमत तो कुठे पडला होता यात असते. कुठल्या थरात, कुठल्या भिंतीजवळ, शेजारी काय होतं. वरवर पडलेल्या तुकड्यांचा पसारा पाहूनही, न खणता, वस्ती कुठवर पसरली होती ते समजतं. धोलावीराची मुळात ओळख पटली ती अशाच वरच्या खुणांवरून. टेबलावर तो तुकडा एक सुंदर खापर आहे, जमिनीवर तो साक्षीदार होता.

रानजाई

उंबरठा, आमच्याकडेही अगदी हेच झालं. लेकाने तुकडा खिशात टाकला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी बघितलं. त्या रागावल्या नाहीत. विचारलं, "कुणाच्या घरचं हाय हे?" तो म्हणाला, कुणाचंच नाही, ते लोक कधीच गेले. त्या म्हणाल्या, "आपलं गावाकडचं घर बंद हाय. आपुन तिथं न्हाई. मग तिथली भांडी कुणीबी न्यायची का?" त्याने तुकडा जिथून उचलला तिथेच ठेवला, आणि नंतर दोनदा वळून तो दिसतोय का बघितलं.

त्याचा फोटो मात्र आहे आमच्याकडे. शेजारी नाणं ठेवून काढलेला, म्हणजे आकार कळतो. तुमच्या मुलालाही पुढच्या वेळी असं करायला सांगा.

संग्रहालयात त्याला चौकोनी दगडी वजनं फार आवडली. त्याला ते फासे वाटले. १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढत ६४ पर्यंत जाणारी वजनं आहेत म्हटल्यावर त्याने दोन दिवस घरातल्या सगळ्या गोष्टी त्या हिशोबात मोजल्या.

उंबरठा

घर बंद आहे हे उदाहरण मनाला लागलं. मुलाला आज वाचून दाखवतो. तुकडा तिथे परत कसा पोचवायचा ते बघतो.

निळाई

एवढं पाणी सांभाळणारं शहर उजाड का झालं? मी वाचलं होतं की भूकंपाने.

खापरी

कच्छ भूकंपाचा प्रदेश आहे. २००१ आपण सगळ्यांनी पाहिलं. धोलावीराच्या भिंतींतही हादऱ्यांच्या खुणा दिसतात, आणि लोकांनी त्यानंतर पुन्हा बांधून काढलेलंही दिसतं. म्हणून एकटा भूकंप कारण धरता येत नाही. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी जगात बऱ्याच ठिकाणी पाऊस आटल्याच्या खुणा आहेत. मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या लवणस्तंभात त्याची नोंद सापडते, आणि २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासूनच्या काळाला मेघालयन असं नावच दिलं. त्याच सुमारास सिंधू खोऱ्यातली मोठी शहरं उतरणीला लागली, दूरचा व्यापार रोडावला. धोलावीरात शेवटी जे लोक राहिले ते गोल झोपड्यांत राहत होते. आखीव नगर गेलं, वजनं-मुद्रा गेल्या, आणि जुन्या भिंतींचे दगड काढून त्यांनी साधी घरं उभारली. कच्छमधले आजचे भुंगे, म्हणजे तिथली पारंपरिक घरं, गोलच असतात, ते बघितल्यावर या झोपड्यांची आठवण येते.

आपल्याकडचं उदाहरण देतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं. हे धोलावीराच्या नंतरचे शेतकरी. त्यांनी नदीचं पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता, त्याला बांध घातला होता. सुरुवातीला त्यांची घरं प्रशस्त, चौकोनी. इ.स.पू. १००० च्या सुमारास, म्हणजे जोर्वे नावाच्या संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात (उत्तर जोर्वे काळात), तीच माणसं लहान गोल झोपड्यांत आली. पाऊसमान घटल्याचाच संबंध तिथेही लावला जातो. दोन्ही ठिकाणी घराचा आकार बदलला, आणि मला तो बदल राजांच्या नावांपेक्षा जास्त सांगून जातो. मुलांना घेऊन पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघा.

पायवाट

खापरी, धन्यवाद. इनामगाव आमच्या गावापासून तासाभरावर आणि मला यातलं काही माहीत नाही. आधी तिथे वडिलांना नेतो.

रानजाईताई, शहर रिकामं झालं हे ऐकून सासूबाई काही बोलल्या का?

रानजाई

बोलल्या. वाटाड्या गोल झोपड्यांच्या जागी हेच सांगत होता. नवऱ्याने विचारलं, सगळे एकदम निघून गेले का? वाटाड्याने उत्तर द्यायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "गाव येकदम उठत न्हाई. पयली जनावरं इकत्यात. मग तरणी पोरं जात्यात कामाला. सणाला येत्यात, मग सणालाबी येत न्हाईत. म्हातारी माणसं ऱ्हात्यात मागं." नवरा गप्प झाला. तो पंधराव्या वर्षी शिकायला म्हणून गाव सोडून आला तो परत राहायला गेलाच नाही.

त्या संध्याकाळी त्याने गावच्या चुलतभावाला फोन करून आड अजून आहे का विचारलं. आहे. बुजवलेला नाही, वर लोखंडी जाळी टाकलीय.

निळाई

ताई, एक बारीकसा प्रश्न. आडावरच्या खाचा किती वर्षांत पडतात? आणि दोर कशाचा असायचा, काथ्याचा? धोलावीराच्या खाचा बघून हिशोब करता येईल का, असं उगीच मनात आलं.

रानजाई

निळाई, काल रात्री सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. काथ्याचा नाही म्हणाल्या. घायपाताचा वाख काढून घरीच वळलेला दोर असायचा, आणि तो काथ्यापेक्षा हाताला जास्त कापायचा. वर्षांचा हिशोब त्यांना सांगता येईना. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याच्या खाचेत करंगळी बसायची. नळ आला त्या वर्षी अंगठा बसत होता. मधली वर्षं सव्वीस.

मे महिन्यात आम्ही गावी जातोय. जाळी काढून खाचेचं माप घेऊन येते, इथेच टाकते.